गेमिंग, चित्रं आणि व्हिडिओ एडिटिंग: घरच्या तिघांसाठी एकच असेंबल पीसी, काय घ्यावं?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथले संगणकाचे धागे बरेच दिवस नुसते वाचत होते, आज स्वतःचा काढतेय. जरा लांबण लागेल, पण परिस्थिती नीट सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही चिपळूणचे. बाजारपेठेत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. २२ जुलै २०२१ला पुराचं पाणी दुकानात पंख्यापर्यंत चढलं. संगणक, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, प्रिंटर, सगळं चिखलात गेलं. डिजिटल कॅमेरा आल्यापासूनची लग्नं, मुंजी, बारशी त्या डिस्कवर होती. त्याआधीच्या निगेटिव्ह मात्र घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या, त्या वाचल्या. तेव्हापासून घरात डेस्कटॉप आला नाही. मी २०१८चा आठ जीबी रॅमचा लॅपटॉप ओढतेय.

आता तिघांना मिळून एक मशीन हवंय. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, ए३ आकारात, ३०० डीपीआयवर. शिवाय आमच्याकडच्या नमन आणि जाखडी या लोककलांच्या मंडळांचे व्हिडिओ शूट करून एडिट करते. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याला गेम खेळायचेत आणि ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचंय. बाबांना त्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवायच्यात.

बजेट पावणेदोन लाख, मॉनिटर आणि यूपीएस धरून. भावाने एका दुकानातून कोटेशन आणलंय: रायझन ७ ७८००एक्स३डी, आरटीएक्स ५०७०, लिक्विड कूलर, १६ जीबी रॅमची एक काडी, एक टीबी एसएसडी, काचेचं दिव्यांचं कॅबिनेट, आणि "८५० वॅट एसएमपीएस" (मशीनला वीज पुरवणारा डबा). एवढ्यातच दीड लाखाच्या पुढे आकडा गेला. मॉनिटर आणि यूपीएस त्यात नाहीत. शिमग्याला गावोगावी शूटिंग सुरू होईल, त्याआधी मशीन उभं राहायला हवं.

तपकीर_गल्ली

कोटेशन गेम खेळणाऱ्याच्या डोक्याने केलंय हे लगेच दिसतं. प्रोसेसर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे. साध्या ७७००मध्ये ३२. गेममध्ये प्रोसेसरला लागणारी माहिती वारंवार त्याच त्याच ठिकाणाहून येते, ती रॅमपर्यंत न जाता जवळच मिळाली की फ्रेम वाढतात. पण चित्रं, व्हिडिओ, रेंडर (थ्रीडी सीनचं अंतिम चित्र काढणं) या कामांत त्या जादा कॅशचा उपयोग फार थोडा. दोघांनाही कोअर आठच. म्हणजे ताई, जादाचे पैसे भावाच्या खेळासाठी जाणार, तुमच्या कामाला त्यातलं काही मिळणार नाही.

लॅमिंग्टनकर

मी पंचवीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात आहे. कोटेशनमध्ये माझी नजर एका ओळीवर थांबली. "८५० वॅट एसएमपीएस", पुढे कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. त्या ओळीवर फुली मारा.

वॅटचा आकडा खोक्यावर कोणीही छापतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टच्या लाईनवर जगतात. त्या लाईनवर खरोखर किती वॅट मिळतात ते एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात बघायचं. हातात घेतलं की वजनावरूनही अंदाज येतो. माझ्या टेबलावर मागच्या पावसात एक मशीन आलं होतं, असंच बिनानावाचं एसएमपीएस. ते स्वतः गेलं आणि जाताना बोर्ड आणि एसएसडी घेऊन गेलं. गिऱ्हाईक विचारत होतं, "डेटा निघेल का?" मला नाही म्हणावं लागलं. तुमच्या घरात ते एकदा झालंय, पुन्हा होऊ देऊ नका.

नामांकित कंपनीचं ६५० किंवा ७५० वॅटचं, ८० प्लस गोल्ड दर्जाचं, सात ते दहा वर्षांची वॉरंटी असलेलं घ्या. तुमच्या कामाला भरपूर झालं.

दुसरा प्रश्न: घराला अर्थिंग आहे का?

त्रिमिती

पुण्यात थ्रीडी ॲनिमेशन करते, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं. भाग निवडण्याआधी एक काम करा. आत्ताच्या लॅपटॉपवर तुमचं नेहमीचं जड काम उघडा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचा टॅब लावून ठेवा आणि अर्धा तास काम करा. जिथे थांबावं लागतं, पेन पुढे जातं आणि रेघ मागून येते, त्या क्षणी प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स यांतलं काय शंभरावर गेलंय ते कागदावर लिहा. पैसा तिथे टाकायचा.

तुमच्या चित्राचं गणित मी करून बघितलं. ए३, ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ × ४९६१, साधारण पावणेदोन कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर जवळपास ७० एमबी. साठ लेयर म्हणजे ४ जीबीच्या वर, आणि अनडूची साठवण वेगळी. आठ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि ब्राउझरच निम्मी रॅम खातात. तुम्ही इतकी वर्षं कसं निभावलंत याचं मला खरंच कौतुक वाटतं.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

त्रिमिती ताई, सांगितल्याप्रमाणे केलं. चित्राच्या फाईलवर रॅम ९७ टक्के आणि डिस्क शंभरावर. प्रोसेसर तिशीतच रेंगाळत होता. व्हिडिओमध्ये उलट: फोनवरचं ४के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की प्रोसेसर शंभर, ग्राफिक्स जवळजवळ स्वस्थ, आणि चित्र अडखळत पुढे सरकतं. मला आजवर वाटायचं की एकूणच लॅपटॉप म्हातारा झालाय. दोन कामांत दोन वेगळी कारणं आहेत हे पहिल्यांदा दिसलं.

लॅमिंग्टनकर काका, अर्थिंगचं माहीत नाही. तीन पिनांचे सॉकेट आहेत एवढंच सांगू शकते. लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात. त्याचा काही संबंध आहे का?

लॅमिंग्टनकर

आहे, अगदी थेट आहे. सॉकेटला तिसरं भोक असणं आणि त्यामागे वायर असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये आत शिरतानाच एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. विजेतला कचरा अर्थमध्ये सोडायचा हे त्यांचं काम. अर्थच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट. करंट अगदी कमी असल्याने जीवावर बेतत नाही, झिणझिण्या येतात तेवढ्याच. पण याच अवस्थेत यूएसबी किंवा एचडीएमआयची केबल काढघाल केली की पोर्ट उडतात.

इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटर लावून फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट यायला हवेत. हे घरच्या माणसांनी करायचं काम नाही. आणि न्यूट्रललाच अर्थच्या पिनेशी जोडून "झालं काम" म्हणणारा भेटला तर त्याला परत पाठवा. न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० पत्र्यावर येतील.

स्वरमंडल

सांगलीला घरीच छोटा रेकॉर्डिंग सेटअप आहे, त्यामुळे व्हिडिओच्या मुद्द्यावर दोन गोष्टी. फोनचं फुटेज बहुतेक वेळा एच.२६५ या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये असतं आणि त्याचा फ्रेमरेट बदलता असतो. दोन तासांचं नमन असेल तर शेवटी शेवटी मृदुंगाची थाप आणि हात यांच्यात अंतर पडलेलं दिसतं. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असाल तर हे हमखास. एडिट करण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फुटेज स्थिर फ्रेमरेटला आणून घ्या. नवीन मशीनवर हे काम पटापट होईल.

दुसरं, आवाज. कॅबिनेट ज्या खोलीत असेल त्याच खोलीत तुम्ही निवेदन रेकॉर्ड करणार असाल तर छोटे, भरभर फिरणारे पंखे माईकमध्ये येतात. मोठे १४० मिलिमीटरचे पंखे सावकाश फिरून तेवढीच हवा देतात.

त्रिमिती

प्रोसेसर शंभरावर आणि ग्राफिक्स स्वस्थ, हे एच.२६५चं ओळखीचं लक्षण आहे. हे फुटेज उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा डिकोडर लागतो. तो नसला किंवा सॉफ्टवेअर तो वापरत नसलं की सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. आजच्या कुठल्याही कार्डात तो आहे. पुढेमागे मिररलेस कॅमेरा घेतलात आणि १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) शूट केलंत तर मात्र भेद पडतो: इंटेलच्या क्विकसिंक डिकोडरला ते जमतं, एनव्हिडियाला ५० मालिकेपासून जमायला लागलं, ४० मालिकेला नाही. म्हणून जुनं ४० मालिकेचं कार्ड स्वस्तात मिळालं तरी तुमच्यासाठी मी ५०च सुचवेन.

आणि कार्डाच्या मेमरीचं बघा. आरटीएक्स ५०७०ला १२ जीबी आहे, ५०६० टीआयच्या एका प्रकाराला १६. ब्लेंडरमध्ये सायकल्स या इंजिनने रेंडर करताना सीनमधले सगळे टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं), सगळी भूमिती कार्डाच्या मेमरीत बसावी लागते. बसली तर काही मिनिटांत फ्रेम निघते. बसली नाही तर रेंडर अडतं किंवा इतकं रखडतं की त्यापेक्षा न केलेलं बरं. गेल्या वर्षी एका कामात देवळाच्या सभामंडपाचा सीन होता, कोरीव खांब, प्रत्येक खांबाला ४के टेक्श्चर. बारा जीबीच्या कार्डावर तो उघडलाच नाही. मी दोन दिवस टेक्श्चर लहान करत बसले आणि नक्षीची धार गेली ती गेलीच.

तपकीर_गल्ली

इथे मी सहमत नाही. ५०७०मध्ये ६१४४ कुडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) आहेत, ५०६० टीआयमध्ये ४६०८. मेमरीची बस, म्हणजे माहिती ये-जा करायचा रस्ता, १९२ बिट विरुद्ध १२८. सीन बारा जीबीत बसत असेल तर ५०७० रेंडरही लवकर देणार आणि गेमही. शिकणारा मुलगा पहिल्या दोन वर्षांत बारा जीबी भरेल असे सीन करत नाही.

त्रिमिती

शिकणारी मुलंच भरतात हो. टेक्श्चर आटोक्यात ठेवायचं शहाणपण नंतर येतं. पण तुमचा मुद्दा मान्य आहे: निव्वळ वेगात ५०७० पुढे आहे. माझ्या डोळ्यांसमोर बजेट आहे. ५०७० घेतलं की रॅम किंवा मॉनिटर यांतलं एक कापावं लागेल, आणि ताईंची कागदावरची नोंद तर रॅमकडे बोट दाखवतेय.

एक इशारा: ५०६० टीआय ८ जीबीमध्येही येतं. कोटेशनवर नुसतं "५०६० टीआय" लिहिलं असेल तर १६ लिहून घ्या, बिलावरही.

धाकटी_पाती

मी धागाकर्तीचा भाऊ. कोटेशन मीच आणलं होतं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला विचारायचंय की एक्स३डी सोडला तर गेममध्ये किती फरक जाणवेल? मी मुख्यतः व्हॅलोरंट खेळतो आणि सुट्टीत मोठे कथेचे गेम.

तपकीर_गल्ली

बरं झालं आलास. दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. १४४० रिझोल्यूशनवर मोठे गेम खेळताना ५०६० टीआय आधी दमेल. प्रोसेसर कुठलाही असो, तो कार्डाची वाट बघत बसेल. तिथे एक्स३डीचा फायदा जवळजवळ दिसणार नाही. व्हॅलोरंट प्रोसेसरवर चालतो, तिथे एक्स३डी जास्त फ्रेम देईल. पण ७७००वरही तुझ्या मॉनिटरला दाखवता येतील त्याहून जास्तच येतील.

एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) घेतोयस ही जमेची बाजू. एएमडीने २०२७पर्यंत तरी हा सॉकेट चालवण्याचं जाहीर केलंय. चार वर्षांनी नोकरी लागली की याच बोर्डावर वरचा प्रोसेसर बसव, बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून. आत्ता ताईचं काम होऊ दे.

आणि व्हॅलोरंटसाठी विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात, ते बायोसमध्ये बघून घे.

संत्रानगरी

नागपूरहून. लिक्विड कूलरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तरी माझा ६५ वॅटचा प्रोसेसर साध्या टॉवर कूलरवर चालतो. कूलर कुठलाही असो, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली चाळीस अंशांवर असेल तर मोजणी चाळिसापासून सुरू होते. ७७०० पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत घेतो, त्याला पंपाची गरजच नाही. पंप हा बिघडणारा एक भाग वाढतो, एवढंच. ते पैसे जाळीदार कॅबिनेट आणि पंख्यांना द्या. समोर काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा आत यायला वाटच ठेवत नाही.

लॅमिंग्टनकर

याला पूर्ण अनुमोदन. कोकणात अजून एक भर घाला: पाल आणि मुंग्या. कोकणातून येणाऱ्या मशीनमध्ये एसएमपीएसच्या आत मेलेली पाल मी दर पावसाळ्यात काढतो. कॅबिनेटच्या मागच्या सगळ्या पट्ट्या लावलेल्या हव्यात, केबलसाठीचं मोकळं भोक राहू देऊ नका. आणि पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चाललं की आतली ऊब ओल धरू देत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून वाचतेय, माहेर गुहागरचं. फेब्रुवारीत येणार आहे. कार्ड इथून आणू का? किंमत थोडी कमी पडेल.

लॅमिंग्टनकर

ताई, मनापासून देताय ते कळतं. पण कार्डाची वॉरंटी बहुतेक कंपन्यांकडे देशापुरती असते. बिघडलं तर चिपळूणहून ते न्यू जर्सीला पाठवावं लागेल. कस्टमचा भाग वेगळाच. एवढ्या किमतीची वस्तू इथल्या जीएसटी बिलावर, इथल्या सिरीयल नंबरवरच घ्यावी. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं यंत्र मात्र आणता आलं तर बघा, लहान असतं.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

किती मनापासून लिहिताय सगळे! रॅमबद्दल विचारते. ३२ जीबीची किंमत ऐकून बाबा खुर्चीत बसले. भावाचा मित्र सांगतो की वर्षभरापूर्वी त्याने घेतली तेव्हा फारच कमी होती. थांबावं का?

तपकीर_गल्ली

थांबून लवकर उतरेल असं मला दिसत नाही. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा आहे, म्हणून उत्पादन तिकडे वळलं. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा आपल्यासारख्या ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुनी डीडीआर४ रॅमही महागली आहे, तेव्हा जुन्या एएम४ बोर्डावर जाऊनही फार वाचणार नाही. काम अडलंय तर घ्या.

पण एक काडी घेऊ नका. १६च्या दोन घ्या. एकाच काडीवर मेमरीचा अर्धाच रस्ता उघडा राहतो.

लॅमिंग्टनकर

माझं मत जरा वेगळं. हात आखडला असेल तर आत्ता १६ची एक, सहा महिन्यांनी तशीच दुसरी. मी गिऱ्हाइकांना असं करून दिलंय.

तपकीर_गल्ली

काका, डीडीआर५मध्ये मी ते टाळेन. सहा महिन्यांनी त्याच नावाच्या काडीवर आतल्या चिप वेगळ्या निघतात आणि दोन्ही मिळून ६०००च्या वेगाला चालतीलच याची खात्री नसते. चार काड्या लावायचा विचार तर अजिबात नको. चार लावल्या की एएम५वर अधिकृत वेग ३६००वर येतो. पुढे ६४ लागली तर ही जोडी विकून ३२ची जोडी घ्यायची.

लॅमिंग्टनकर

जोडी मिळत असेल तर जोडीच उत्तम, त्यात वाद नाही. माझ्याकडे येणारा माणूस बऱ्याचदा एका काडीचेच पैसे घेऊन येतो, म्हणून लिहिलं.

यूपीएसचं राहिलं. हिशोब असा: प्रोसेसर ८८, कार्ड १८०, बाकी बोर्ड-पंखे-डिस्क साठ-सत्तर, मॉनिटर चाळीस. पूर्ण लोडवर पावणेचारशे वॅटच्या घरात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅट देतो. म्हणजे रेंडर चालू असताना लाईट गेली की यूपीएस टूं करून मशीनसकट बंद. १००० व्हीए, ६०० वॅट, प्युअर साईन वेव्ह घ्या. हल्लीच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं, काहींना स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर मानवत नाही. आणि यूपीएस फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

त्रिमिती

मॉनिटर: २७ इंच, २५६० × १४४०, आयपीएस, एसआरजीबी शंभर टक्के. ४के घेतलंत तर पिक्सेल सवादोनपट होतात आणि भावाच्या गेमला ५०६० टीआय अपुरं पडेल. आल्या आल्या ब्राइटनेस उतरवा. कारखान्यातून तो डोळे दिपतील इतका येतो, आणि मग छापून आलेलं चित्र काळपट वाटतं. छपाईसाठी काम करताना मी १२० निट्सच्या आसपास ठेवते आणि पांढरा कागद शेजारी धरून बघते.

स्वरमंडल

बॅकअपबद्दल कोणीच बोललं नाही. ताई, तुमचा पहिला परिच्छेद वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. एसएसडी कितीही वेगवान घ्या, डिस्क घरातल्या घरात राहिली तर पुन्हा तेच. एक प्रत मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत मिरजेला मावशीच्या कपाटात असते. दर अमावस्येला डिस्क बदलते, म्हणजे तारीख विसरत नाही.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

स्वरमंडल ताई, हे वाचून बाबा बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी स्वतः हिशोब मांडला. ३५ मिलिमीटरची एक फ्रेम ३२०० डीपीआयला, १६ बिटमध्ये स्कॅन केली तर ८२ एमबीच्या आसपास. छत्तीसचा रोल म्हणजे तीन जीबी. पेटीत चारशेच्या वर रोल आहेत, तेव्हा सव्वा टीबी त्यांचेच. चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्यायचं ठरलं. एक रत्नागिरीला आत्याकडे राहील.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. काकांची शंका खरी निघाली: हॉलच्या सॉकेटची अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नव्हती, नुसती भिंतीत कापून सोडलेली. परसात खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं. आता झिणझिण्या नाहीत.

शेवटी ठरलेलं: रायझन ७ ७७००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, १६च्या दोन काड्या ६०००च्या, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅट गोल्ड, समोर जाळीचं कॅबिनेट, टॉवर कूलर, २७ इंची मॉनिटर, १००० व्हीए यूपीएस, दोन हार्ड डिस्क. बजेटच्या सात हजार वर गेलं, ते मी चित्रांच्या मानधनातून घातले. भावाने काचेचं कॅबिनेट आपणहून सोडलं, हे इथे मुद्दाम नोंदवते.

तपकीर_गल्ली

जोडताना तीन गोष्टी. एएम५चा लिव्हर दाबताना बराच जोर लागतो, कर्रकर्र वाटतं, घाबरू नका; वरचं काळं प्लास्टिक आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. पिना आता प्रोसेसरला नसून बोर्डावर आहेत, त्यांच्यावर काही पडू देऊ नका. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहील. बोर्ड मेमरी तपासत असतो. बंद करू नका.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

रविवारी जोडलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून, बाबांच्या स्टुडिओतला छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. तो त्यांच्या खिशात असल्यामुळे पुरातून वाचला होता. प्रोसेसर भावाने बसवला. लिव्हर दाबताना त्याने डोळे मिटले होते. कूलरचा दुसरा स्क्रू काही केल्या आटे धरेना, तेव्हा बाबांनी सांगितलं की समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळ, एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नकोस. लेन्सचे माउंट उघडताना ते असंच करायचे.

चालू केलं. पंखे फिरले, बोर्डावर पिवळा दिवा, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. आई म्हणाली, "अरे, बंद करा, जळेल काहीतरी." मला तपकीर_गल्ली यांचं वाक्य आठवत होतं म्हणून हात मागे घेतला. चौथ्या मिनिटाला बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं आणि भाऊ इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

मग दोन चुका सापडल्या. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाला लावली होती, त्यामुळे गेम अडखळत होता. आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाला चालवायची सेटिंग) चालू केल्याशिवाय रॅम ४८००लाच चालत होती. आता ६०००ला आहे. मॉनिटरही विंडोजमध्ये साठ हर्ट्झवर होता, तो वाढवला.

जुनी साठ लेयरची फाईल उघडली. रेघ पेनाबरोबर येते. एवढंच लिहिते, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्रिमिती

कळलं. खूप छान वाटलं वाचून.

लॅमिंग्टनकर

मशीन ठेवलंय कुठे? जमिनीवर नको.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

वरच्या मजल्यावर, टेबलावर, काका. बाबांनी जागा आधी ठरवली होती, मग टेबल करून घेतलं. हार्ड डिस्कची एक पेटी काल आत्याकडे गेली.

पहिला रोल आज स्कॅन केला, १९९४चा, गावच्या शिमग्याचा. काही निगेटिव्हवर बुरशीचे बारीक ठिपके आहेत आणि त्या कशा स्वच्छ कराव्यात यावर बाबांचं आणि माझं एकमत होत नाहीये. त्यासाठी उद्या वेगळा धागा काढते, जाणकारांनी तिकडे जरूर लिहा.